कन्हानच्या पाण्यात दोघी

आई होती तोवर आमच्या घराला फक्त साबणाचा वास होता. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि दवाखान्यातली शिस्त रोज संध्याकाळी पिशवीतून घरी घेऊन यायची. हात धुतल्याशिवाय माठाला शिवायचं नाही, नखं वाढलेली दिसली की तिथल्या तिथे कात्री, आणि जेवण असं की ते कुठल्याही पेशंटला निर्धास्त देता यावं. वरण, भात, दुधी, आणि रविवारी उपासनेहून आल्यावर मटण, त्यातही आलूच जास्त. तिला जाड काचांचा चष्मा होता. वरणाची वाफ त्यावर बसली की ती मान वर करून काचा निवळायची वाट बघायची, आणि तेवढ्या वेळात मी आणि माझी धाकटी बहीण करुणा ताटातला दुधी एकमेकांच्या ताटात ढकलायचो. बाबा रेल्वेत गार्ड होते. आमचं घर खलाशी लाइनीत, रुळांच्या इतकं जवळ की शंटिंगचं इंजिन शिट्टी द्यायला लागलं की प्रार्थना मध्येच थांबवायची आणि शिट्टी संपली की पुढे चालू करायची अशी आमची पद्धत होती. देवालाही ती सवय झाली असावी.

मग आई काविळीनं गेली. फार दिवस लागले नाहीत. अंत्यविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं की ती आपल्या खऱ्या घरी गेली आहे, तिथे दुखणं नाही, रडणं नाही, आणि ज्यांना स्वर्गाची आशा आहे त्यांनी इतरांसारखा आकांत करायचा नसतो. बाबांनी हे फारच मनावर घेतलं. कबरस्तानातून आल्यावर त्यांनी आईचे गणवेश, तिचं घड्याळ, तिचे पांढरे बूट असं सगळं एका कपाटात ठेवलं, आणि त्याबरोबर तिचं नाव घेणंही ठेवून दिलं. भिंतीवर तिचा एक फोटो तेवढा राहिला, गणवेशातला. करुणा विचारायची, आई आता काय करत असेल? बाबा म्हणायचे, "ती स्वर्गात आहे." ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची आणि बाबा पुन्हा तेच, त्याच आवाजात, स्टेशनचं नाव सांगावं तसं सांगायचे. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. आमच्या घरात या गप्प बसण्याला विश्वास म्हणत. चर्चच्या मंडळीत बाबांचं उदाहरण दिलं जाई, बघा, गुरुदास गार्डांनी बायकोच्या शवपेटीवर एक टिपूस गाळला नाही. मलाही त्याचा तोरा होता. संडेस्कूलमध्ये स्वर्गाविषयीची वचनं मी घडाघडा म्हणून दाखवायचो, आणि खरं सांगायचं तर ती म्हणताना मला आईचा चेहरा एकदाही आठवत नसे.

मावशी, म्हणजे बाबांची दुसरी बायको, आमच्या घरात आली ती या साबणाच्या वासात. तिचं नाव शेवंता. उमरेडच्या कोष्ट्यांची मुलगी. बापाच्या घरी माग, भाऊ सगळे विणकर, नवरा लग्नानंतर लवकरच वारला, तेव्हापासून ती तिथल्या दवाखान्यात आया म्हणून काम करत होती. आईच्या बरोबरच्या एका नर्सबाईंनी हे जुळवलं. मंडळीला ते पटलं नाही. बाप्तिस्मा न झालेल्या बाईशी देवळात लग्न लागणार नाही, असं स्पष्ट सांगितलं गेलं. बाबांनी रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन लग्न केलं आणि मंडळीच्या पंचमंडळातून त्यांना उठावं लागलं. तिचा बाप्तिस्मा होईपर्यंत त्यांना प्रभुभोजनही बंद झालं. महिन्यातून एकदा सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जाई, तेव्हा बाबा शेवटच्या बाकावर इस्त्रीच्या कोटात मान खाली घालून बसून राहत. मला त्यांच्या शेजारी बसावं लागे. लोक पुढून परत येताना आमच्याकडे न बघण्याची जी खटपट करत, ती बघितल्यापेक्षा वाईट होती. म्हणजे आमच्या घराची इभ्रत या एका उमरेडच्या बाईच्या बाप्तिस्म्यावर अडकलेली होती आणि ती बाई देवळाच्या दारात पाळकसाहेबांच्या पत्नीला हात जोडून "रामराम बाई" म्हणत होती.

मी पंधराएक वर्षांचा होतो आणि त्या वयात माणसाला कशाचीही लाज वाटू शकते, पण मला मावशीची वाटत होती तितकी कशाचीच वाटली नाही. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण होतं. ती नऊवारी नेसायची, आणि उपासनेला म्हणून बाबांनी आणून दिलेलं पाचवारी नेसली की जिना उतरताना निऱ्या मुठीत धरून उतरायची. गीत सुरू झालं की ती टाळ्या वाजवायची, आणि आमच्या मंडळीत टाळ्या वाजवत नसत. माझा दोस्त विल्सन तिची नक्कल करायचा, "काहून गा शांतवन, जेवला का न्हाई?" आणि मी सगळ्यांच्या आधी हसायचो, म्हणजे मला फार लागलं नाही असं त्याला वाटावं. तिनं हाक मारली की मी दुसऱ्या हाकेला ओ द्यायचो. तिला मावशी म्हणायचं हे बाबांनी ठरवून दिलं होतं. मी तेही शक्यतो म्हणत नसे, नुसता समोर जाऊन उभा राहायचो.

स्वयंपाकघर मात्र तिनं आल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं. कोष्ट्यांच्या घरचा सावजी मसाला म्हणजे काय हे आता बाहेरच्या लोकांनाही ठाऊक झालंय, सगळ्या शहरभर पाट्या लागल्या आहेत. तेव्हा आम्हाला ते घरात घडत होतं. खोबरं, खसखस, धने, काळी मिरी, दगडफूल असं सगळं ती भाजायची आणि पाट्यावर वाटायची, तेव्हा पलीकडच्या क्वार्टरमधले लोक शिंकत. पहिल्या दिवशी तिनं पाटवडीचा रस्सा केला. काळसर लाल, वर बोटभर तेलाचा तवंग. करुणाचे डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं, आणि तिनं पुन्हा वाटी पुढे केली. बाबा घामाघूम होऊन जेवले आणि जेवून झाल्यावर बराच वेळ ताटावरून उठले नाहीत. मी अर्धं टाकलं. पोट भरलं म्हणालो. सकाळी कोणी नसताना शिळा रस्सा भाकरीबरोबर खाल्ला, हे तिला भांड्यावरून कळलं असणार. दुसऱ्या दिवसापासून ती थोडा रस्सा वेगळा झाकून ठेवायला लागली.

एक गोष्ट बाबांना तिची फार आवडायची. आम्ही सगळे टेबलाशी बसून जेवणाआधी एकत्र उपकारस्तुती करायचो, पण मावशी सगळ्यांचं झाल्यावर जमिनीवर बसून जेवायची, आणि पहिला घास घेण्याआधी ती पदर पुढे ओढून, मान खाली घालून, ओठातल्या ओठात बराच वेळ काही तरी पुटपुटायची. एक हात गळ्याशी धरलेला. अन्न निवून जाईपर्यंत. बाबा दारातून बघायचे आणि आम्हाला खूण करून आवाज करू नका म्हणायचे. "बघा," ते मला म्हणाले, "बाप्तिस्मा झाला नाही अजून, पण प्रार्थना कशी करते. तू दोन वाक्यांत उरकतोस." हे त्यांनी पाळकसाहेबांनाही सांगितलं आणि पाळकसाहेबांनी एका रविवारी, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं, उपदेशात सांगितलं. बायका वळून मावशीकडे बघायला लागल्या. ती गोरीमोरी झाली. मला वाटलं, लाजली.

बाप्तिस्म्याच्या शिकवणीला ती दर गुरुवारी पाळकसाहेबांकडे जाई आणि तिला सोडायला सायकलवर मी. मी ओसरीवर बसून राहायचो, आतलं सगळं ऐकू यायचं. बाकीच्या गोष्टी ती नुसत्या "हो जी, हो जी" करून घ्यायची, पण स्वर्गाचा विषय निघाला की तिच्या शंका संपायच्या नाहीत. तिथे सैपाक कोण करते? सगळ्यायले एकच घर, का ज्याचं त्याचं येगळं? नवरा दोन बायकायचा असंन तं? पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, तिथे लग्न नाही, नवरा-बायको नाही, सगळे देवदूतांसारखे. ती म्हणाली, "बरं हाय. भांडनच नाई." बाहेर माझे कान तापले. आज वाटतं, इतकी वर्षं मी बाकांवर बसलो, इतके उपदेश ऐकले, स्वर्गात राहायला जायचं आहे असं समजून त्याच्याबद्दल विचारपूस करणारी ती मी पाहिलेली एकटीच. आम्ही बाकीचे सगळे तिथलं नुसतं तिकीट काढून बसलो होतो.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर ठरला. आमच्या मंडळीत बुडवूनच बाप्तिस्मा देत आणि त्यासाठी टेम्पोनं कन्हान नदीवर जात. आता कामठी रोडवरून डोक्यावरून मेट्रो जाते, तेव्हा तिथे दोन्ही बाजूंनी कडुनिंब होते. नदीला उन्हाळ्यात पाणी एका कडेला, बाकी सगळी वाळू, आणि त्या वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या, टरबुजांचे वेल पसरलेले. पुलावरून मालगाडी गेली, बाबांनी सवयीनं तिच्या गार्डाच्या डब्याकडे बघितलं. त्या दिवशी ते लग्नातला कोट घालून आले होते. आदल्या दिवसापासून मावशीनं मंडळीसाठी स्वयंपाक मांडला होता, बोकडाचं मटण, मुगाच्या वड्यांचा रस्सा, ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत. बाप्तिस्म्यानंतर सगळे आमच्याकडे जेवायला येणार होते. आणि पुढच्या रविवारी बाबा प्रभुभोजनाला पुढे जाणार होते. तेवढ्यासाठी तरी ते सगळं लवकर, नीट, काही वेडंवाकडं न होता पार पडावं, अशी मी वाळूत उभा राहून प्रार्थना करत होतो. माझ्या शेजारी विल्सन होता.

पांढरं लुगडं नेसून मावशी पाण्यात शिरली. पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी विचारलं, येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतेस का? "हो जी." सर्व मूर्ती आणि जुने देव सोडलेस का? "सोडले जी." तिचा आवाज स्वच्छ होता, काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला. त्यांनी तिच्या पाठीला हात लावला, तिला मागे झुकवून पाण्यात बुडवलं आणि वर काढलं. बायकांनी गीत उचललं. ती नाकातोंडातलं पाणी पुसत उभी राहिली, आणि तिच्या ओल्या पांढऱ्या पदरावर, काळ्या दोऱ्यात ओवलेला, रुपयाएवढा चांदीचा एक टाक बाहेर येऊन लोंबत होता. उन्हात तो असा चमकला की काठावरून सगळ्यांना दिसला. गीत एका ओळीच्या मध्येच विरत गेलं.

आमच्याकडे जुन्या घरांतून अशी रीत होती, बिजवराला दिलेली मुलगी पहिलीचा टाक, म्हणजे चांदीवर कोरलेली तिची प्रतिमा, करून गळ्यात घालते. मेलेल्या सवतीचा जीव घरात अडकलेला असतो, तिला वगळून संसार मांडला तर ती पोराबाळांना त्रास देते, म्हणून नवीन लुगडं आधी तिच्या अंगाला लावायचं, घास आधी तिला दाखवायचा. काठावरच्या निम्म्या बायकांच्या आज्या-पणज्यांनी असे टाक घातले असतील. बघताक्षणी त्यांना कळलं आणि त्या एकमेकींकडे बघेनात.

"हे काय आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मावशीनं टाक मुठीत धरला. "ह्या बाई हायेत जी," ती म्हणाली. "पोरायची माय."

"आत्ता मूर्ती सोडल्या म्हणालीस ना?"

"सोडल्या नं. ह्या कुठं मूर्ती हायेत? म्या त्यायले देव म्हनलंच नाई. देव तं तुमचाच. ह्या बाई हायेत."

"काढ ते," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण थकला होता. "पाण्यात सोडून दे. ते गळ्यात असताना हा बाप्तिस्मा मी झाला असं म्हणू शकत नाही, शेवंता. गुरुदास, तुम्ही सांगा."

तिनं मूठ उघडली नाही. विल्सनच्या नाकातून हसू फुटलं, ते त्यानं दाबलं, आणि ते दाबलेलं हसू मला अजून ऐकू येतं. जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं म्हणतात, माझ्या पायाखाली नुसती वाळू होती. ती सगळ्या मंडळीसमोर आमच्या आईचं नाव गळ्यात बांधून ओलीचिंब उभी होती आणि मला वाटलं, ही मेली का नाही आईच्या जागी. असं वाटलं मला. कोणाला कळलं नाही, पण वाटलं.

बाबा बूटमोज्यांसकट पाण्यात शिरले. लग्नातला कोट कमरेपर्यंत भिजला. त्यांनी तिची मूठ धरून सोडवली, ती त्यांच्यापुढे सैल झाली. दोरा तोडायला त्यांनी टाक चिमटीत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. मग ते थांबले. इतका वेळ थांबले की पाळकसाहेब "गुरुदास" म्हणाले, दोनदा म्हणाले.

"पाळकसाहेब," बाबा म्हणाले, "हिला चष्मा आहे."

टाकावर कोरतात ती बाई ठरलेली असते, गोल तोंड, दोन ठिपके डोळे, कपाळावर कुंकू, कोणाचीही सवत असू शकेल अशी. मावशीनं इतवारीतल्या सोनाराला आपल्या पायातल्या तोरड्या आटवायला दिल्या होत्या आणि बजावून सांगितलं होतं की कुंकू नको, आमच्या बाईला चष्मा होता, चष्मा काढा. त्यानं दोन बारीक वर्तुळं कोरली होती आणि मधे एक रेघ. हे नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की सहा फूट उंचीचे बाबा नदीत उभे राहून हातातल्या चांदीच्या तुकड्याकडे बघताहेत आणि त्यांचे खांदे हलताहेत. ज्यांनी पेटीवर टिपूस गाळला नव्हता ते गुरुदास गार्ड तिथे, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखे रडले. मावशीनं पाण्यातच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी दोरा तिच्या डोक्यावरून काढला, तोडला नाही, आणि टाक कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पाळकसाहेबांकडे बघून ते म्हणाले, "गळ्यातून काढला. पाण्यात टाकणं मला जमणार नाही." पाळकसाहेबांनी पाण्यातच प्रार्थना म्हटली आणि आशीर्वाद दिला. तो बाप्तिस्मा झाला की नाही यावर पंचांमध्ये पुढे बरेच महिने खल चालला. शेवटी झाला असंच ठरलं, बाबांना भाकर मिळाली. पण ते नंतर.

त्या दुपारी आमच्याकडे जेवायला कोणी आलं नाही. टेम्पो सदरला थांबला तसे लोक उतरून गेले, कोणाला पाहुणे आले होते, कोणाचं डोकं दुखत होतं. घरात पन्नास माणसांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला, आणि आम्ही चौघे. मावशीनं ताटं वाढली. बाबांनी उपकारस्तुती केली, अगदी थोडक्यात. करुणा जेवायला लागली. मावशी दाराशी उभीच होती.

"बस," बाबा म्हणाले. "इथं, टेबलाशी बस. जेव."

ती बसली. घास केला, हात गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं, हात खाली आला. "कशी जेवू?" ती म्हणाली. "त्यायले आधी..."

"शेवंता, ती स्वर्गात आहे. तिथं भूक नाही."

"मले मालूम हाय नं. सायबानं शिकवलं. भूक नाई, दुखनं नाई. म्या जेवाले कुठं देत होती त्यायले?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या त्यायचा फोटू पायला हाय. वरतं गेली तं मले त्या ओळखू येतीन. पन त्यायनं मले कुठं पायलं? त्या म्हनतीन, ही कोन बाई, माह्या घरातून आली म्हनते? म्हनून रोज सांगत होती. आज हे रांधलं. करुणाचा दात पडला. तुमाले इटारशीची ड्युटी लागली. शांतवन चिडून राह्यला, पन जेवला. येवढंच सांगत होती, दुसरं काई नाई. ओळख असावी मानसाची."

बाहेर शंटिंगचं इंजिन शिट्टी द्यायला लागलं आणि आम्ही सगळे, जणू प्रार्थना चालू असल्यासारखे, ते थांबायची वाट बघत बसलो. बाबांनी दोन वर्षं उच्चारलेला एकच शब्द, स्वर्ग, मी बक्षिसासाठी पाठ केलेली ती सगळी वचनं, आणि ही बाई रोज निवलेल्या अन्नापुढे बसून आमच्या घराची खबर तिथे पोचवत होती. मला त्या ताटापुढे जी लाज वाटली ती नदीवर वाटली होती तशी नव्हती. नदीवर मला तिची लाज वाटली होती. आता मान वर करायची सोय राहिली नव्हती.

बाबांनी कोटाच्या खिशातून टाक काढला आणि टेबलावर, मिठाच्या वाटीजवळ ठेवला. "मग आजचं राह्यलं असंन सांगाचं," ते म्हणाले. मिशनची शुद्ध भाषा बोलणारे बाबा, त्यांच्या तोंडून ती घरची बोली मी पहिल्यांदा ऐकली. करुणानं तोंडातला घास गिळला, टाकाकडे वाकली आणि अगदी सवयीनं सांगायला लागली, "आई, आज नदीवर बाबा रडले. मावशीचा बाप्तिस्मा झाला. खूप मटण उरलं आहे." तिला सगळं माहीत होतं. ती रोज मावशीच्या कुशीत शिरून तेच करत होती. घरात दोघीच आईशी बोलत होत्या, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग बाबा बोलले. ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आणि त्यांचं होतं. शेवटी ते माझ्याकडे वळले. "शांतवन. सांग."

मी टाकाकडे बघितलं. दोन बारीक वर्तुळं, मधे एक रेघ. दोन वर्षांत आईला सांगायचं म्हणून मी काही जवळ ठेवलंच नव्हतं. स्वर्गात आई भेटणार हे मला परीक्षेच्या उत्तरासारखं येत होतं, पण भेटल्यावर ती काही विचारेल, तिला माझ्याबद्दल काही जाणून घ्यावंसं वाटेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आज मी आईच्या वयाच्या दुपटीहून मोठा आहे. मावशीही जाऊन बरीच वर्षं झाली, आईच्या जवळच तिला जागा मिळाली. त्या दोघींची एव्हाना चांगली ओळख झाली असेल, याची मला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त खात्री आहे. माझीच खात्री वाटत नाही.

त्या दुपारी मी ताटात बोट फिरवत राहिलो. मावशी माझ्याकडे न बघता, नुसती थोडी वाकून, हळूच म्हणाली, "उंच झाला म्हनून सांग आधी, बापा. त्यायनं तुले लहान पायलं हाय. मिशा फुटून राह्यल्या, आवाज बदलला. तू नाई सांगशीन तं त्या तुले ओळखतीन कशा?"

मी आईला सांगितलं की मी उंच झालो.